गुरुवारचं पाणी

मी आयुष्यात एकच भाषण गाजवलं, आणि त्या भाषणानं माझ्या मैत्रिणीची राहायची खोली गेली. टाळ्या थांबेपर्यंत मला ते कळलंसुद्धा नाही, इतकी मी शहाणी.

निजामाचं राज्य जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. धाराशिवात मास्तर-मास्तरणी घडवायचं ट्रेनिंग कॉलेज होतं, तिथं मी दुसऱ्या वर्षाला. लोहाऱ्याकडच्या खात्यापित्या घरची लेक, शहरात आत्याकडं राहणारी, दोन वेण्या आणि डोक्यात सुधारणेचं वारं. वाचनालयातली चार पुस्तकं वाचून माझं असं मत झालं होतं, की माणसांना नीट सांगणारं कुणी भेटत नाही म्हणून ती सुधारत नाहीत. आता मी भेटले होते.

मुलींच्या खोलीत पिण्याच्या पाण्याचा माठ होता. तो भरायचे वार वाटून दिलेले, तसा कागद दाराला डकवलेला. आम्ही आठ जणी, कागदावर नावं सहा. उरलेल्या दोघी गावकुसाबाहेरच्या. त्यांनी ओंजळ धरायची, आमच्यापैकी कुणीतरी वरून ओतायचं. कुणी नसलं तर घसा कोरडा ठेवून बसायचं.

गुरुवार माझ्या मैत्रिणीचा. जिल्ह्यातल्याच वाशीकडची. वर्गात पहिली यायची, आणि फळ्यावर अक्षर असं काढायची, की पुसायला हात होऊ नये. पहिल्या वर्षी रामलिंगाच्या सहलीला आम्ही बाकीच्या देवळात गेलो, ती त्या दोघींजवळ बाहेर चपला राखत बसली. मला कुठला दम! खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "मी बी त्या दोघींच्याच जातीची हाय. आडनावावरनं कळत न्हाय, म्हणून खोली मिळाली. कुणाला बोलू नको, न्हायतर माझं शिक्षण ऱ्हातंय." मी तिथल्या तिथं रामलिंगाची शपथ घेतली. ती वर्षभर पाळली. माझ्या तोंडाच्या मानानं लई झालं.

मग एका दुपारी, खेळाच्या तासाला, त्या दोघींपैकी एक चक्कर येऊन पडली. माठ काठोकाठ भरलेला होता, ओतायला कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, प्राचार्यांनी मुलं-मुली सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं, "या दोघींची नावं कागदावर घालायला कुणाची हरकत?"

एक मुलगी उठली. माझ्या मैत्रिणीच्या घरमालकिणीची ही भाची. म्हणाली, "माझी हरकत न्हाय, सर. पण पाणी बाटंल. घरी कळलं तर मला कॉलेजातून काढतेल."

झालं. माझ्यातली सुधारक ताडकन उभी राहिली.

"बाटंल? मग दोन वर्षं गुरुवारचं पाणी पितीस, तेव्हा न्हाय बाटलीस? पोट दुखलं का तुझं? जीभ झडली का?"

क्षणभर कुणाला उमजलं नाही. मग सगळ्या माना एका बाकाकडं वळल्या. मुलांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. प्राचार्यसुद्धा म्हणाले, "बिनतोड!" मैत्रीण वहीत काहीतरी लिहीत होती. ती लिहायची थांबली. दौतीचं झाकण लावलं, फिरवून फिरवून, घट्ट. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी मात्र टाळ्यांकडं बघत होते.

संध्याकाळी मी तिचं अभिनंदन करायला गेले. होय, अभिनंदनच! तिची ट्रंक रस्त्यात होती. आत घरमालकीण खोलीत गोमूत्र शिंपडत होती आणि भाचीला म्हणत होती, "दोन वर्षं माझ्या आडावर पाणी शेंदलं गं भवानीनं!" परीक्षेला दीड महिना होता. पास झाली असती तर तिला शाळा मिळणार होती.

मी म्हणाले, "थांब, मी आत्याला विचारते." आणि पळत घरी आले. आत्या भाकरी थापत होती.

"आत्या, माझी एक मैत्रीण दीड महिना आपल्याकडं राहील का?"

"राहू दे की. कुणाची गं?"

भर वर्गात तोफ डागणारी मी, चुलीपुढं मांजर झाले. म्हटलं, "न्हाय, काही न्हाय. सहजच विचारलं." आणि जेवायला बसले. दोन भाकरी खाल्ल्या. तेवढं पक्कं आठवतं.

मी परत गेलेच नाही. त्या रात्रीपुरतं आमच्या उर्दूच्या गुरुजींच्या बायकोनं तिला घरी नेलं. त्यांनी तिला कुणाची म्हणून विचारलं नाही, असं नंतर कानावर आलं.

प्राचार्यांनी ठरवलं ते केलं. नव्या कागदावर आठ नावं आली, तिचंही होतं. मग एकेक जण घरून तांब्या घेऊन येऊ लागली. माठ आधी रिकामा राहिला, मग पालथा. परीक्षेच्या यादीत तिच्या नावापुढं 'गैरहजर'. मी पास झाले, मास्तरीण झाले, पुढं मुख्याध्यापिका. निवृत्तीच्या सत्कारात एका वक्त्यानं माझी माठाची गोष्ट सांगितली. मी मान खाली घातली, तर लोकांना तो विनय वाटला.

त्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी ती गाव सोडून निघाली, तेव्हा मी एस.टी. स्टँडवर तिला गाठलं. येडशीला जाऊन रेल्वे धरायची आणि लातूरला मामाकडं जायचं, असं तिचं ठरलं होतं. मी रडत रडत म्हणाले, "त्यांना गप करायला दुसरं काही सुचलंच न्हाय गं मला."

तिनं ट्रंक आधी वर चढवली. मग दाराच्या दांडीला धरून म्हणाली, "मला विचारायचं तरी होतंस. मीच उठून सांगितलं असतं. तुला टाळ्या पडल्या नसत्या, एवढंच."