आदी मोजा, मग न्हाई म्हणा

मोजल्याशिवाय दिलेला नकार आमच्या वहिनीनं कधी ऐकूनच घेतला नाही. मानवतच्या घरात, पुढच्या खोलीत ती लग्नाचे व्हिडिओ एडिट करायची. घरच्या सुनेनं असले धंदे करावेत का, यावर गल्लीत लय चर्चा झाली. "करू द्या की. चर्चेनं कुनाचं लगीन एडिट व्हत न्हाई," म्हणून ती कामाला लागली. मी तिची नणंद. बघता बघता तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले.

पुढं नवे कॅमेरे आले, व्हिडिओ जड झाले आणि आमचा कंप्युटर जागीच अडायला लागला. हातची गिऱ्हाइकं परभणीला जायला लागली. ग्राफिक्स कार्ड टाकलं नसतं तर आमचं काम बंदच पडलं असतं. मग काय, कंप्युटरचा डबा मांडीवर घेऊन आम्ही एसटीनं परभणी गाठली.

दुकानदारानं डबा न उघडताच सांगितलं, "ताई, तुमच्या पॉवर सप्लायला हे कार्ड झेपणार नाही. अख्खा कंप्युटरच नवा घ्या."

"मोजलं का?"

"अहो, अनुभव आहे."

"अंदाजपंचे दाहोदरसे नका सांगू. आदी मोजा, मग न्हाई म्हणा."

तिनं त्याचाच पेचकस घेऊन डबा उघडला आणि सप्लायवरच्या लेबलावर बोट ठेवलं. "वन्सं, वरचा मोठा आकडा मिरवायला असतो. बारा व्होल्टची ओळ बघा." तिथल्या अँपिअरला तिनं बारानं गुणलं. कार्डाचे वॅट, प्रोसेसरचे वॅट, वर थोडी मोकळीक, अशी बेरीज केली. सप्लाय खरंच कमी पडत होता! दुकानदार हसला. वहिनी त्याच्याहून मोठ्यानं हसली. "आता तुमचं ‘न्हाई’ खरं. पन कमी पडायलाय तो सप्लाय, कंप्युटर न्हाई. तेवढाच बदला."

वर सप्लाय निवडला तो गरजेपेक्षा बराच मोठा. दादा घरी वैतागला, "एवढा कशाला?"

"हे कार्ड काय शेवटचं हाय?" वहिनी म्हणाली.

गेल्या साली काविळीनं ती गेली. मला अजून राग येतो, कुणावर काढावा ते कळत नाही. तेरावा होताच दादा म्हणाला, "खोली भाड्यानं देऊ. तुला एकटीला जमणार न्हाई."

मी परभणीची एसटी धरली. नवं, मोठं कार्ड घेऊन आले.

"जुन्या सप्लायवर? जळंल सगळं!" दादा दारातून ओरडला.

मी डबा उघडला. बारा व्होल्टची ओळ बघितली, गुणाकार केला, बेरीज केली. वहिनीचा सप्लाय पुरून उरत होता. कार्ड बसवलं, वायर जोडली, बटण दाबलं. पंखे फिरले.

"खोली भाड्यानं द्यायची न्हाई," मी दादाला म्हटलं आणि वहिनीच्या खुर्चीत बसले.