पाण्यातलं देऊळ आणि इटलीकर तात्या

मुळशीच्या तलावातून होडी पलीकडे निघाली, की मध्यावर कुठंतरी इटलीकर तात्या हात वर करायचे आणि हुकूम सोडायचे, "पायतानं काढा. खाली द्येऊळ हाय." माणसं निमूटपणे चपला काढून मांडीवर घ्यायची. धरण झालं तेव्हा तात्यांचं जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि त्याबरोबर भैरोबाचं देऊळही गेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते देऊळ नेमकं कुठं आहे, याबद्दल तात्यांचं मत दर फेरीला बदलायचं. होडीत साधी अनवाणी माणसं असली, तर देऊळ तळाशी गप्प पडून राही. कुणी बूटवाला साहेब किंवा पुण्याहून आलेला कुणाचा जावई बसला, की ते बरोबर त्याच्या पायाखाली येई. तो वाकून नाड्या सोडी, मोजे काढी, तोवर काठ येऊन ठेपे आणि बिचारा हातात बूट घेऊन चिखलात उतरे. "तात्या, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ त्या मोठ्या वडासमोर निघतं की," असं मी एकदा म्हणालो. तात्या म्हणाले, "त्ये उन्हाळ्यातलं. पावसाळ्यात द्येव फिरतीवर असत्यो."

त्यांचं खरं आडनाव गावात कुणी घेत नसे. पुण्यात राहणारा पुणेकर, तर दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर इटलीत राहून आलेला माणूस इटलीकर का नाही, असा गावाचा सरळ हिशेब होता. तात्यांच्या हातात तिकडं बंदूक कमी आणि खेचराचा कासरा जास्त होता. जिथं मोटार चढत नाही अशा डोंगरावर खेचरांच्या पाठीवरून दारूगोळा आणि जेवण पोचवायचं, हे त्यांचं काम. "मी लढाईत न्हवतो, लढाईच्या जेवनात व्हतो," असं ते स्वतःच सांगत. दुसऱ्यानं चिडवण्याआधी आपणच आपल्याला चिडवून मोकळं व्हायचं, ही त्यांची युक्ती मी पुढं आयुष्यभर वापरली.

होडीची वाट बघत माणसं काठावर बसली, की तात्यांची इटली सुरू व्हायची. तिच्यात तोफा क्वचितच वाजायच्या. तिच्यात एका गोऱ्या साहेबाची टोपी खेचर खाऊन टाकायचं आणि साहेब त्या खेचरावर खटला भरायचा. एक म्हातारी ओंजळभर शेवया आणून द्यायची. "त्या देसात सन न्हाई, वार न्हाई, उठसूट शेवया. अन् त्याबी बिनगुळाच्या. मी म्हनलं, आजे, तुज्याकडं पावनं येत न्हाईत ते ह्याच्यामुळंच." माणसं हसून हसून लोळायची. होडीवाल्यानं हाका मारल्या तरी उठायची नाहीत. आम्हा पोरांना तर लढाई म्हणजे सरकारी खर्चानं भरलेली लांबची जत्राच वाटायची.

घरी त्यांच्या म्हशी होत्या रोमा, नापोली आणि फुलारिन. फुलारिन म्हणजे फ्लॉरेन्स. ते नाव आमच्या जिभेवर आलं आणि फुलं माळून बसलं. सकाळी गोठ्यात शिरताना तात्या तिघींना "बोंजोर्नो" म्हणायचे. राजाचं तोंड कोरलेलं एक पदक त्यांना मिळालं होतं, ते स्वातंत्र्य आल्यावर त्यांनी रोमाच्या गळ्यात घुंगराच्या जोडीला बांधलं. काकी, म्हणजे त्यांची बायको, रागावल्या. तात्या म्हणाले, "राजानं राज्य सोडलं, आता गोठ्यात तरी वाजतुया." काकींनी कपाळाला हात लावला, पण पदक काढलं नाही. चिंचेनं ते घासायच्या मात्र त्याच.

या म्हशींची एक अडचण होती. त्यांना मराठी कळत नसे. इटलीत तात्यांच्या खेचरांच्या रांगेत झेलमकडचा फाजल नावाचा एक पंजाबी होता. खेचराशी कसं बोलावं, ओझ्याची गाठ कशी मारावी, हे तात्यांना त्यानंच शिकवलं. त्याच्या आवडत्या खेचरीचं नाव राणी. तिला बोलवायला तो हाक मारायचा, "आ नी राणिए." तीच हाक तात्यांनी मुळशीत आणली आणि म्हशींच्या अंगवळणी पाडली. एकदा तात्या तापानं फणफणले तेव्हा एकही म्हैस पान्हा सोडेना. शेवटी काकींनी नऊवारीवर तात्यांचा खाकी कोट चढवला, कासेला बसल्या आणि इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "आ नी राणिए." धार सुरू झाली. नेमका त्याच वेळी मी ताक मागायला गेलो होतो. काकींनी माझं भांडं काठोकाठ भरलं आणि वर सांगितलं, "बबन्या, कुनाला बोललास तर परत दारात पाय ठिवू नगंस." मी कुणाला बोललो नाही. गावाला कसं कळलं ते भैरोबाच जाणे.

फाजलचं नाव निघालं की तात्या सांगायचे, "आमी येका जहाजातनं आलो. मुंबईला गळामिठी घातली. म्हनला, झेलमला ये, सदूलाबी आन. वर्सादीड वर्सात त्यो परदेशी झाला. त्यो कुटं गेला न्हाई, म्या कुटं गेलो न्हाई. देसच मधनं उठून गेला." मग तलावाकडं हात करून म्हणायचे, "माज्या गावागत. म्या जाग्यावर, गाव तळाला." एवढं बोलून लगेच टोपी खाल्लेल्या साहेबावर यायचे आणि आम्हीही त्यांच्यामागून सुखानं यायचो.

सदू हा त्यांचा एकुलता एक मुलगा आणि माझा जिवलग दोस्त. बासष्ट साली चीनची लढाई झाली तेव्हा आम्ही मिसरूड फुटलेले गडी होतो. पौडला भरती आहे अशी बातमी आली आणि सदूनं जाहीर केलं, "मी जानार." मागोमाग मीही. माझं कारण देशभक्ती होतं असं मी पुढं बऱ्याच ठिकाणी सांगितलं आहे. खरं म्हणजे सदूशिवाय गावात करमलं नसतं, आणि त्या शेवया मला एकदा खाऊन बघायच्या होत्या. गावाला वाटलं, तात्या आता पेढे वाटणार. तात्या दोन दिवस धड जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते काठावर आले. नेहमीची माणसं होती, सदू होता, मी होतो. तात्यांनी बिडी पेटवली नाही. म्हणाले, "आज येक खरं सांगतो." इथंच पहिला हशा पिकला, कारण त्यांची प्रत्येक गोष्ट याच वाक्यानं सुरू व्हायची. तात्या सांगू लागले. "डोंगर चडताना खेचरावर भाकरी आन् गोळा असायचा. उतरताना मान्सं. मेलेली. आडवी बांदून आनायची. फाजलची गाठ त्याच्यासाटीच व्हती, उतारावर मानूस सुटू नये म्हनून. येका दिशी राणी खाली उतरंना. चार पाय रोवून हुबी. मंग ध्येनात आलं, तिच्या पाठीवर त्यो आमच्या पल्टनीतला पोरगा व्हता, तिला रोज गूळ द्याचा त्यो."

तात्या थांबले. खेचर अडून बसलं म्हणजे आता गंमत येणार, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. मागून कुणीतरी हसू दाबत विचारलं, "मंग तात्या, राणीनं काय केलं?" सगळे पुढं सरकले. सदूसुद्धा ओठ चावून हसू आवरत होता. तात्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. खांदे पाडले आणि म्हणाले, "काय करतीया. साहेबाला लाथ मारली." काठावर असा हशा उसळला, की पलीकडं पोचलेल्या होडीतली माणसं वळून बघायला लागली. मीही हसलो. तात्यांनी मग बिडी पेटवली.

सांगून भागलं नाही म्हणून तात्यांनी दुसरा डाव टाकला. भरतीच्या दिवशी सकाळी फुलारिन गोठ्यातून गायब. तात्यांनी अंगणात कपाळ बडवून घेतलं. दुभती म्हैस, वाघरानं नेली असेल, कड्यावरून पडली असेल, असा हलकल्लोळ. सदू आणि मी भरती बाजूला ठेवून रान तुडवत निघालो. तात्या मात्र देवराईकडं बोट करायचं सोडून बाकी सगळ्या दिशा दाखवत होते. ऊन डोक्यावर आल्यावर सदू देवराईच्या तोंडाशी उभा राहिला आणि त्यानं बापाची हाक मारली, "आ नी राणिए." आतून फुलारिननं मोठ्यानं उत्तर दिलं. ती एका झाडाला बांधलेली होती. पुढ्यात हिरव्या गवताचा ढीग, आणि कासऱ्याला फाजलची गाठ, जी गावात दोघांनाच येत होती. दुसरा सदू.

सदूनं गाठ सोडली, म्हैस घरी आणली, गोठ्यात बांधली. तात्या ओट्यावर बसले होते. सदू शांतपणे म्हणाला, "तात्या, म्हस सापडली. वाघरू लई मायाळू व्हतं, गवत घालून गेलं." तात्या म्हणाले, "असत्यात काय काय वाघरं." दोघंही हसले नाहीत. पुढच्या भरतीला गोठा भरलेला होता आणि तात्यांनी स्वतःच सदूच्या पिशवीत भाकरी बांधून दिली.

मला पौडात पाच मिनिटांत परत पाठवलं. पाय सपाट निघाले. सदूची छाती, उंची, धावणं सगळं पास. मी तोंड लपवत गावात शिरलो, तर तात्यांनी मला हाक मारून जवळ बसवलं, माझी पावलं उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "लाखाचं पाय हायेत. सपाट पायाचा मानूस भातखाचरात रुतत न्हाई." मग काकींना म्हणाले, "ह्याला दूध दे." त्या दिवसापासून म्हशींच्या पाण्याचं काम माझ्याकडं आलं आणि फिरतीवरच्या देवाचे बूटवाले भक्तही मीच हेरू लागलो.

पासष्ट साली पुन्हा लढाई पेटली. या वेळी पाकिस्तानशी. सदू तिकडंच पंजाबात होता. गावातली माणसं तात्यांना विचारायची, "तात्या, काय व्हईल?" जणू तेच वरून कुठूनतरी लढाईची सूत्रं हालवत होते. तात्या म्हणायचे, "भाकरी येळंवर पोचली तर बरं व्हईल." त्याच दिवसांत नापोलीला रेडी झाली. एव्हाना गावाला सवय लागलेली, माणसं नाव सुचवायला आली. जिंकून घ्यायच्या गावांची नावं होती सगळी. तात्यांनी ऐकून घेतलं आणि रेडीचं नाव गंगी ठेवलं. "आता परदेशी नावं बास," एवढंच म्हणाले. मी पाणी पाजायला जायचो तेव्हा ते रोमाच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे असायचे. मला फार भीती वाटायची, आणि ती मी त्यांना बोलू शकत नव्हतो.

सदू आला थंडी सरताना. सुखरूप, रापलेला, पायात चकचकीत बूट. पौडहून येऊन तो होडीला लागला तेव्हा अर्धं गाव त्याला घ्यायला अलीकडं आलेलं. होडी काठोकाठ भरली. तात्या त्याच्या समोर बसले, मी तात्यांच्या शेजारी. होडी हलली न हलली तोच कुणीतरी म्हणालं, "सदू, सांग की लढाईचं."

सदू हसला आणि सांगू लागला. स्वयंपाक्याच्या रोट्या इतक्या कडक, की एकानं खंदकाला लावल्या. एका सुभेदाराच्या मिशीला गोचीड डसली. मग त्यांची तुकडी सीमेपलीकडच्या एका गावात शिरली, तर समोर एक म्हैस, कास फुगून दगड झालेली, ओरडतेय, आणि कुणाला जवळ येऊ देईना. "म्या लांबूनच हाळी दिली, आ नी राणिए. आली की चालत, आन् रायली हुबी धारंला. टोपीत दूध काडलं. सुबेदार म्हनला, तू मराठा हायेस का म्हशीवाला गुज्जर?" होडी डुलेपर्यंत माणसं हसली. तोच थाट, तीच थांबायची जागा, तसंच डोळे मिचकावणं. बापाचीच गादी चालवतोय, असं कौतुकानं कुणी म्हणालंही.

मीही हसत तात्यांकडं वळलो. तात्या हसत नव्हते. ते लेकाकडं असं बघत होते, जसं त्या संध्याकाळी काठावर आमच्यापैकी कुणीतरी तात्यांकडं बघायला हवं होतं. म्हशीची कास दगड होते ती दोन-दोन दिवस कुणी पिळली नाही म्हणून. हे होडीतल्या सगळ्या शेतकऱ्यांना कळत होतं. ऐकू मात्र फक्त तात्यांना आलं.

त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "फाजलचं गाव लागलं का रं वाटंत?"

सदूचं हसू तसंच तोंडावर राहिलं. "त्ये लई आत हाय, तात्या. इचारलं असतं, पन..." तो पाण्याकडं बघू लागला. "इचारायला गावात कुनी ऱ्हायलं न्हवतं."

होडी तलावाच्या मध्यावर आली होती. तात्यांनी हात वर केला नाही, हुकूम सोडला नाही. ते खाली वाकले आणि लेकाच्या बुटाच्या नाड्या सोडू लागले. गाठ फाजलचीच होती, त्यांच्या बोटांना सहज सुटली. तात्यांनी आज खुद्द पोरालाही सोडलं नाही, म्हणून होडीत पुन्हा हशा पिकला. सदू हसला नाही. त्यानं पाय मागं घेतला नाही, नुसता बापाच्या पाठीवर हात ठेवला. मी मान वर करून काठाकडं बघितलं. समोर मोठा वड होता. त्या दिवशी देऊळ खरोखरच आमच्या खाली होतं.