कोमल रेच्या जागी टक्का

तेव्हा मी पन्नाशीची. हार्मोनियमच्या चार शिकवण्या काय घेत होते, स्वतःला विदुषी समजायला लागले होते. ती बया आज भेटली तर दोन धपाटे घालीन.

माझे गुरुजी अंजूरला राहायचे. साखरेच्या आजाराने त्यांची नजर उतरत चालली होती. त्यांना दिसतंय तोवर त्यांच्याच बंदिशींचं पुस्तक छापून त्यांच्या हातात द्यायचं, एवढा एकच माझा ध्यास. निजामपुऱ्यात लग्नपत्रिका आणि लूमची लेबलं जुळवणाऱ्या एका भाईकडे मी महिनाभर ठाण मांडलं. कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ साध्या मराठी फॉन्टमध्ये मिळेनात. शेवटी पुण्याहून खास फॉन्ट आणवला. त्यात आडवी रेघ टक्क्याच्या कीवर बसवलेली, उभी डॉलरच्या.

फाईल सीडीवर चढली आणि लाइट गेली.

"थांबा मावशी, लाइट आली की फॉन्टपण टाकतो. प्रेसवाल्याकडे तो नसेल तर निशाणी नाय येणार, टक्काच छापेल."

"स्क्रीनवर रेघ दिसत होती ना? मग फाईलीत आहेच ती. मला गाणं शिकवू नकोस."

"गाना नहीं मावशी, फॉन्ट!"

मी सीडी पर्समध्ये टाकून रिक्षात बसलेसुद्धा. प्रेसने प्रूफ पाहणार का विचारलं, तर ही बया म्हणे, तीनदा वाचलंय मी! केवढा तो तोरा!

गठ्ठे आले. पहिलाच भैरव: सा रे% ग म प ध% नी. यमनात म$. भाईला नेऊन दाखवलं. त्याने पान उलटलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "मावशी, ये तो सेल लगा है."

पुन्हा छापायला दिवाळी उजाडली असती, आणि गुरुजींना आताच भिंतीवरचं घड्याळ दिसेनासं झालं होतं. एक प्रत घेतली, जाड काळं मार्कर घेतलं आणि एकेका टक्क्यावर सफेदा फासून रेघा ओढत बसले. आठ दिवस. मान मोडली, बोटं काळी, तोंडात भाईला ऐकवाव्यात अशा शिव्या. खरं तर त्या मलाच लागू होत्या.

गुरुजींनी पुस्तक नाकाला लावलं. सावकाश बोट फिरलं. एका ओळीवर थांबलं.

"हा गंधार शुद्ध आहे. रेघ कशाला मारलीस, मठ्ठ?"

इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या त्यांच्या, पण एकही एवढी गोड कधी लागली नव्हती. दिसत होतं त्यांना!