बायकांच्या गोळ्या

रिटायर झालो त्याच वर्षी माझी कंबर अशी धरली की पलंगावरून उठवायला बायकोला हात द्यावा लागे. बंगलोरच्या कारखान्यात शेकडो कामगारांवर आवाज चढवणारा, पिळदार मिशीचा मी, लघवीला जातानाही भिंत धरून चालू लागलो. कँटोनमेंटमधल्या सर्जननं तपासून सांगितलं, प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर आहे आणि तो हाडांत उतरलाय. एक तर वृषणं काढायची, नाही तर गोळ्या घ्यायच्या.

"कसल्या गोळ्या?"

"इस्ट्रोजेनच्या. बायकांच्या शरीरातलं हार्मोन. हा रोग पुरुषी हार्मोनवर पोसतो, ते दाबायचं."

असं ऐकल्यावर माणसानं निदान मुलाबाळांचा तरी विचार करावा. मी विचारलं, "डॉक्टर, मिशी राहील ना?"

"मिशी राहील. छाती थोडी वाढेल."

काही आठवड्यांत दुखणं ओसरलं. एका सकाळी मी आपला आपण उठून मोरीपर्यंत गेलो, तेव्हा बायको तोंड फिरवून रडली.

छातीही वाढली. शर्ट घासला तरी झोंबायची. बसमध्ये कुणाचं कोपर लागू नये म्हणून मी हात छातीशी आडवे धरून उभा राहू लागलो. आजूबाजूच्या बायकाही तशाच उभ्या असतात, हे मला साठीला आल्यावर दिसलं.

बटणं लागेनात म्हणून आम्ही दोघं चिकपेटातल्या शिंप्याकडे गेलो. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, त्याच्या मराठीत कानडी मिसळलेली. टेप लावून तो म्हणाला, "अण्णा, छाती स्वल्प भरलीय की! तालीम करता काय?"

"रोज जोर काढतो," मी ठोकून दिलं.

"बघा, ह्या वयात!" त्यानं सगळ्या दुकानाला ऐकवलं. एक गिऱ्हाईक तर माझा दंड दाबून बघू लागलं.

बायको गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "बदामही खातात." घरी पोचेपर्यंत तिनं हसू दाबलं, मग पोट धरून बसली. हसून झाल्यावर म्हणाली, "अहो, बाळंतपणात मलाही असंच दुखायचं. मऊ मलमलीचा बनियन शिवून देते." दिलाही. त्याला लेस लावली नाही, एवढे उपकार.

गोळ्या अजून चालू आहेत. त्यांनी पाय सुजतात, पण त्याच पायांनी आम्ही दोघं बनशंकरीच्या देवळात जाऊन येतो.