आई, त्यांना सांगा

आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही. तीही त्याच्यासमोर आली की डोक्यावर पदर घेते आणि काही सांगायचंच झालं तर मधल्या माणसाला सांगते. आमच्या घरात ते मधलं माणूस म्हणजे आई. "आई, त्यांना सांगा, जेवायला वाढलंय," असं भावजय मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणते आणि आई तेच पुन्हा मला सांगते. लग्न होऊन ती शहापुरात आली तेव्हापासून हे असंच. तुम्हाला हसू येईल. आम्हाला कधी आलं नाही.

मी ठाण्याच्या एका कंपनीत सपोर्टला, बहुतेक दिवस घरूनच काम. पासवर्ड विसरलेल्यांना नवा पासवर्ड द्यायचा, हटून बसलेला प्रिंटर लांबून चालू करायचा, यातच माझी वर्षं गेली. आळीत मात्र मी 'मोठा इंजिनियर', आणि मीही कधी कुणाला नाही म्हटलं नाही. मग साहेबांनी सांगितलं, ही कामं आता मशीनच करणार. राहायचं असेल त्यांनी डेटा ॲनालिसिस शिका आणि शेवटी स्वतःचा प्रोजेक्ट मांडा. जमला तर नवी टीम, नाही तर रामराम. माझी पाचावर धारण बसली. या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

क्लास ऑनलाइन. मी ओटीवर लॅपटॉप मांडून बसायचो आणि आत भावजय भाकऱ्या थापता थापता सगळं ऐकायची. तिचं माहेर मुरबाडकडचं, ती बीएस्सी झालेली, तेही स्टॅटिस्टिक्स घेऊन. लग्नपत्रिका छापायला मीच गेलो होतो, तेव्हा तिच्या नावापुढे ती डिग्री लावून घेतली होती. नंतर ती कुणाच्या लक्षात राहिली नाही, माझ्याही नाही.

प्रोजेक्टसाठी मी आमच्याच कंपनीच्या शाखांतल्या तक्रारी घेतल्या, कुठली शाखा तक्रार सोडवायला किती वेळ लावते ते. सरासरी काढली. एक शाखा सगळ्यांत ढिली निघाली. मी खुशीत सगळी यादी तारखांसकट मोठ्याने वाचून दाखवत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला.

"आई, त्यांना सांगा, सरासरीवर जाऊ नका. त्या शाखेतली एक तक्रार दिवाळीच्या सुट्टीत तशीच पडून होती. तिच्या एकटीमुळे सगळी शाखा आळशी दिसते. सगळ्या लागलेल्या वेळेप्रमाणे ओळीने लावून मधली बघा म्हणावं."

आई म्हणाली, "सरासरी नको म्हंते, मधली बघ म्हंते. बघ रे बाबा कंची ती, माजा चा गार झाला."

मी भडकलो. "तिला म्हणावं, मी यात केस पांढरे केलेत!" आणि आत पुन्हा भाकऱ्यांची थापथप सुरू झाल्यावर गुपचूप तो मधला आकडा, म्हणजे मिडियन, काढून पाहिला. शाखा इतरांसारखीच निघाली. लाज वाटली, पण ती दाखवायला तोंड कुठे होतं! दुसऱ्या दिवशी मीच म्हणालो, "आये, तिला विचार, पुढं काय करायचं." मग रोजच सुरू झालं. आई वैतागली. "तुमच्या दोघांत माजा टेलिफोन झालाय रे! मना काय कलतंय त्यातलं?"

प्रोजेक्ट मांडायच्या दिवशी आई, माझी बायको, भाऊ, सगळे मुरबाडला मावशीकडे साखरपुड्याला गेले. तिच्या तान्ह्या बाळाला कणकण होती म्हणून भावजय घरी राहिली. माझं बोलणं झक्क चाललं होतं. मग मोठ्या साहेबांनी विचारलं, "मिडियन घेतलात, ठीक. पण ज्याची तक्रार पडून राहिली त्या माणसाचं काय? त्याला तुम्ही लपवलंत की."

मी नुसता मिडियन घेतला होता, का घेतला हे कधी नीट विचारलंच नव्हतं. स्क्रीनवर सगळे चेहरे माझ्याकडे बघत होते. मी दाराकडे पाहिलं. ती उभी होती, डोक्यावर पदर, कडेवर बाळ. तिला उत्तर येत होतं, ते तोंडावर दिसत होतं. आणि मधे आई नव्हती.

"सांग ना," मी म्हणालो. तिच्याशी थेट बोललेला माझा आयुष्यातला पहिला शब्द.

ती उंबऱ्यापर्यंत आली. "दोन्ही दाखवायचं," ती सरळ बोलली. "शाखा एरवी कशी चालते ते मिडियन सांगतो. ती तक्रार वेगळी काढून तिचं कारण बघायचं. ऑफिसला सुट्टी होती, पण ज्याचं काम अडलं त्याला कुठे सुट्टी होती?"

साहेब म्हणाले, "वा! कोण बोललं हे?"

"घरातलं कोणीतरी," मी म्हणालो. "सॉरी सर, मागचा आवाज येतोय." आणि तिचंच उत्तर इंग्रजी घालून पुन्हा सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. दारात आता कोणी नव्हतं.

मी पास झालो. संध्याकाळी मंडळी परतली. आईने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली आणि आत हाक मारली, "ये गो, तूबी तोंड गोड कर." ती आली, आईच्या शेजारी उभी राहिली. साखर घेतली नाही.

"आई, त्यांना सांगा," ती म्हणाली, "घरातल्या त्या कोणालातरी नाव आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा प्रत्येक निरोप मला पुन्हा सांगणारी आई नुसती माझ्याकडे बघत राहिली. हा निरोप तिने सांगितला नाही.

नाव मला माहीत होतं. पत्रिकेवर मीच छापून आणलं होतं.