डोमाजींचा ऊब आलेला पाय

अकोल्याच्या जुन्या शहरातील डोमाजींनी माणसे झोडपली, एवढे सगळेच सांगतात. किती, यावर एकमत नाही. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधणारा हा मजूर वादात बोलण्याआधी हात उचलत असे.

१९५७च्या हिवाळ्यात त्यांचा उजवा पाय गार पडू लागला. थोडे चालले की पोटरी आवळून येई. थोरले भाऊ सूर्यभान यांनी विळा तापवून पोटरीवर डाग दिला. डोमाजींनी तो मुकाट सोसला, असे सूर्यभान सांगत. मुलगी शकुन सांगते की त्यांनी भावाचे नाक फोडले. सूर्यभान यांचे नाक शेवटपर्यंत वाकडे होते.

डागाची जखम भरली नाही. अंगठा काळा पडला. अमरावतीच्या सर्जनने पत्नी सुभद्राबाईंना जे समजावले, त्याचा आशय असा: शरीराच्या रक्षक पेशी पायाला रक्त नेणाऱ्या रोहिणीच्याच भिंतीवर तुटून पडल्या आहेत. त्या दाहाने वेदना होते, वेदनेने मज्जातंतू चेततात आणि ते रोहिणी आणखी आवळतात. पोटातून ते मज्जातंतू कापले तर आवळ सुटेल. दाह मात्र डोमाजींनी रोजची विडी सोडल्याशिवाय थांबणार नाही. मज्जातंतू आणि पेशी यांचे नेमके नाते आपल्यालाही ठाऊक नाही, हेही त्याने कबूल केले.

शस्त्रक्रियेच्या संध्याकाळीच पायाला ऊब आली. घात तिथे झाला. ऊब आली म्हणजे रोग गेला, असे घराने धरले. घरी परतल्यावर सूर्यभान यांनीच विड्यांचा कट्टा आणून दिला. सुभद्राबाईंनी तो चुलीत टाकताच डोमाजींनी धुण्याच्या मोगरीने त्यांचे मनगट मोडले आणि नवा कट्टा मागवला.

महिन्याभरात पाऊल सडले. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

टाके ओले असतानाच डोमाजींनी वॉर्डात बायकोकडे विडी मागितली. सुभद्राबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"दुसरा बी हात मोडून पायजे काय तुले?"

मारायला ते उसळून उठले आणि नसलेल्या पायावर भार देऊन तोंडावर आपटले. दात फुटले, टाके उसवले, फरशीवर रक्त पसरले. सुभद्राबाईंनी सावरायला धड असलेला हातही पुढे केला नाही.

"एक पाय हाये अजून तुमाले," त्या म्हणाल्या. "तो पायजे का विडी, सांगा."

डोमाजींनी काय उत्तर दिले, याबाबत साक्षी जुळत नाहीत. डावा पाय शेवटपर्यंत राहिला.