हवा तपासा, असं लिहिलंय

गाडी सरळ रस्त्यावर उत्तम चालायची. वेगात घेतलेल्या मोठ्या वळणावरही तिची तक्रार नसे. पण ऑफिसच्या फाटकातून आत घेताना स्टिअरिंग पुरतं वळवलं आणि माणसाच्या चालीनं निघालं, की पायाखालचा पत्रा थरथरू लागे. म्हशीच्या पाठीवर माशी बसली की तिचं कातडं जसं जागच्या जागी हलतं, तसं. पाच-सहा सेकंद चाले. चाकं सरळ झाली की पुन्हा शांत.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत यवतमाळात सर्वांत चांगलं पीक पाहुण्यांचं आलं होतं. दिल्लीहून येत, मुंबईहून येत, समुद्रापलीकडूनही येत. आमची संस्था त्यांना जिल्हा दाखवी. कागदावर आमचं काम माती, बियाणं आणि गावोगावच्या बैठका असं होतं, आणि पाहुणे नसत त्या आठवड्यांत ते होईही. मी कॉलेजात इंग्रजी शिकवून मुदतीच्या आधीच निवृत्त झालो होतो आणि हे ऑफिस सांभाळायला लागलो होतो. पत्रं, अहवाल आणि स्वागताची भाषणं लिहिणं माझ्याकडे. सगळे मला सर म्हणत. चौघांच्या त्या ऑफिसात पुस्तकं वाचणारा मी एकटाच होतो, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे.

गाडी आमच्याकडे आली ती मुंबईच्या एका विश्वस्तांना तिचा कंटाळा आला म्हणून. इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते, ही तिची थोरवी. झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांपर्यंत पोचता यावं यासाठी ती देत आहोत, असं सोबतच्या पत्रात होतं. प्रत्यक्षात ती बहुतेक डांबरी रस्त्यावरूनच फिरे आणि बांधापासून वीस पावलांवर थांबे, कारण पाहुण्यांना शेताकडे चालत जातानाचा फोटो हवा असे. एका गावात पारावरच्या दोघांचं बोलणं मी ऐकलं होतं.

"आज कोणती आली गा?"

"चारी चाकं फिरतेत ते."

"अन् आतले?"

"आतले बसूनच राह्यतेत."

ड्रायव्हर पुसदकडचा होता. त्यानं पंधरा वर्षं काळी-पिवळी जीप चालवली होती. ती विकून तो आमच्याकडे एका वर्षाच्या बोलीवर आला. वर्षभर काम बघू आणि मग कायम करू, असं आमच्या प्रमुखांनी त्याला सांगितलं होतं. त्याची मुलगी दहावीला होती. तिला विज्ञान शिकायचं होतं, म्हणून त्यानं यवतमाळात खोली घेतली होती. नोकरी टिकली तर ती खोली टिकणार, एवढं साधं गणित होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्या वर्षी संस्थेचे अध्यक्ष येणार होते. गाडीचे चारही टायर झिजलेले होते. मी दोन नवे घ्यायचे ठरवले आणि ते पुढे बसवायला सांगितलं. नवे पुढे, जुने मागे, हा आपल्याकडचा रिवाजच आहे. नारळ पुढच्या चाकापाशी फुटतो, लिंबू पुढच्या चाकाखाली ठेवतात, हार बॉनेटला घालतात आणि फोटो समोरून निघतो. गाडीच्या मागच्या अंगाकडे अध्यक्ष बघत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर माझ्या टेबलापाशी आला. हातात गाडीचं जाड इंग्रजी पुस्तक, बोट एका पानात अडकवलेलं.

"सर, एक मिनट. या पानावर काय लिहेल आहे?"

पानावर चार चाकांचं चित्र होतं, त्यांच्यातून जाणारे बाण होते आणि शेजारी उद्गारचिन्ह असलेला काळा त्रिकोण.

"काय झालं?" मी विचारलं.

"जीपले आम्ही दोनच टाकतो, चालते. पण हे चारी चाकांनं ओढते नं जी. म्हणून म्हटलं, पाहून घ्या."

मी तेव्हा स्वागताच्या भाषणात अडकलो होतो. अध्यक्षांसाठी एखादं विशेषण शोधत होतो, आणि मागच्या दोन भेटींत सगळी वापरून झाली होती. चष्मा खणात होता. तो काढायला हात लांब करावा लागला असता. मी पान दूर धरलं, चित्रातली चाकं बघितली आणि म्हणालो, "हवेचं आहे. हवा नियमित तपासा, असं लिहिलंय."

"बस?"

"बस."

त्यानं त्या पानाचा कोपरा दुमडला आणि पुस्तक गाडीत ठेवून दिलं. दोन दिवसांनी तो हवा मोजायचं पितळी मीटर घेऊन आला. त्यानंतर रोज सकाळी, माझा चहा येण्याच्या सुमारास, तो चारही चाकांपाशी उकिडवा बसलेला खिडकीतून दिसे. एकदा आमच्या शिपायानं त्याला चिडवलं, "काय गा, रोज नाडी पाहतं का तिची?" तर तो म्हणाला, "पुस्तकात लिहेल आहे. सरनं वाचून सांगतलं." मला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं.

अध्यक्ष येऊन गेले. पुढचे दोनेक महिने ठीक गेले आणि मग ती थरथर सुरू झाली. आधी फक्त फाटकात, मग प्रत्येक अरुंद वळणावर. एका गावात शाळेच्या आवारात गाडी वळवताना ती इतकी हादरली, की शेजारी बसलेल्या परदेशी पाहुण्यांनी वरची दांडी धरली आणि आमच्या प्रमुखांना विचारलं, ही सुरक्षित आहे ना? प्रमुखांचा चेहरा शाळेच्या भिंतीसारखा पांढरा झाला.

ऑफिसात आल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. "हा माणूस हिला काळी-पिवळीसारखा हाणतो. क्लच खाऊन टाकला असेल. सर, तुम्ही गाडी दाखवून आणा आणि मला लेखी द्या. त्याचं वर्षही संपतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. तिथे एका शेडमध्ये म्हातारे मुसलमान मेकॅनिक होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. पाहुण्यांपेक्षा त्यांची चौकशी खोल असे. त्यांनी आधी बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरशेजारी बसले, चप्पल काढून अनवाणी पाय पत्र्यावर ठेवले आणि म्हणाले, "घुमा. एकदम आहिस्ता."

शेडसमोरच्या सिमेंटच्या जागेवर गाडी गोल फिरली. थरथर आलीच.

"कटकट आवाज येत नाही, म्हणजे पुढचे जॉइंट बरे आहेत," चाचा म्हणाले. मग क्लच दाबायला लावून गाडी नुसती घरंगळू दिली. तरी थरथर होतीच. "क्लच भी नाही. क्लच बेकसूर आहे, मास्तर. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. ड्रायव्हरनं पहिल्यांदाच श्वास सोडला.

"आता कच्च्यावर घे," चाचा म्हणाले.

वसाहतीच्या मागे मोकळी जमीन होती, भुसभुशीत. तिथे तेच वळण, तोच वेग. गाडी मुकाट्यानं फिरली. चाचांनी पुन्हा सिमेंटवर आणायला लावलं, पुन्हा थरथर. पुन्हा मातीत, पुन्हा काही नाही.

"पक्के पे बुखार, कच्चे पे आराम," ते हसून म्हणाले. "कच्च्यावर चाक घसरते, म्हणून मोकळं होते. पक्क्यावर घसरत नाही, तर पुढचं अन् मागचं आपसात भांडते."

त्यांनी कापसाचं बोचकं बांधायची दोरी आणली. पुढच्या टायरला एक वेढा देऊन, वेढा पुरा झाला तिथे खुणेची गाठ मारली, आणि तीच दोरी मागच्या टायरला लावली. दोन बोटं दोरी उरली.

"हे घ्या तुमचं क्लच. पुढचे नवे, मागचे झिजेल. मागच्यांना दर फेऱ्यात जास्त फिरावं लागते. जीप असती तर काही नसतं झालं. हिच्यात पुढच्या-मागच्यांना जोडणारा डबा आहे, तो सरळ रस्त्यावर पण घासत राह्यला." त्यांनी गाडीखाली जाऊन त्या डब्यातलं थोडं तेल झाकणात घेतलं. काळं होतं, करपलेल्या डाळीसारखा वास. "हिला चारी एकसारखे लागतेत. टायर कोणी बसवले असे?"

ड्रायव्हर म्हणाला, "बसवले मीच, चाचा. पण हवा तं मी रोज पाहतो. पुस्तकात लिहेल आहे तसं."

"पुस्तकात फक्त हवेचं आहे?"

"हाव. सरनं वाचलं."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी दोरीकडे बघत होतो. चाचा हात पुसत आत गेले.

परत आल्यावर ड्रायव्हर जेवायला गेला, तेव्हा मी चष्मा लावून गाडीत बसलो आणि पुस्तक काढलं. कोपरा दुमडलेलाच होता. पानभर मजकूर टायरच्या मापाचा होता. चारही एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले असावेत, बदलताना चारही एकदम बदलावेत, नाहीतर गाडीची जोडणी खराब होईल. अक्षरं ठळक होती. इंग्रजी इतकं सोपं, की माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी न अडता वाचलं असतं. हवेबद्दल त्या पानावर एक शब्द नव्हता. मी पुस्तक होतं तसं ठेवून दिलं. दुमडलेला कोपराही तसाच ठेवला, जणू त्यामुळे काही लपणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल दिला. त्यात क्लच निर्दोष असल्याचं लिहिलं, दोरीचं लिहिलं, दोन बोटांचं लिहिलं. दोनच टायर घ्यायचा निर्णय ऑफिसचा होता, असंही लिहिलं. ऑफिस म्हणजे कोण, ते लिहिलं नाही. पानाबद्दल काही लिहिलं नाही. अहवाल चांगला उतरला होता. तेवढ्यावर त्याची नोकरी वाचेल असं मी स्वतःला पटवलं.

प्रमुखांनी ड्रायव्हरला आत बोलावलं. तो दारापाशी उभा राहिला, मी खुर्चीत.

"टायर घ्यायचं ऑफिसनं ठरवलं असेल," प्रमुख म्हणाले, "पण गाडी तुझ्या हातात. चारही चाकांची गाडी आहे, हे तुला कळायला नको? पुस्तक होतं ना गाडीत?"

"पुस्तक इंग्रजीत आहे," मी म्हणालो. एवढं मी बोललो.

"मग विचारायचं कुणाला तरी," प्रमुख म्हणाले.

खोलीत पंखा फिरत होता. ड्रायव्हर माझ्याकडे बघत असल्याचं मला न बघताही कळत होतं. समोरच्या भिंतीवर अध्यक्षांच्या भेटीचा फोटो होता. हार घातलेलं बॉनेट, दोन नवे काळेभोर टायर. मी त्या फोटोकडे बघत राहिलो. मला वाटलं, तो स्वतः सांगेल. मग मी हो म्हणेन. हो म्हणायची माझी पूर्ण तयारी होती. तो बोलला नाही.

महिनाअखेरीस त्याचं वर्ष संपलं आणि पुढचं सुरू झालं नाही. किल्ली देताना तो मला म्हणाला, "येतो सर." मीटर त्याचं स्वतःचं होतं, ते घेऊन गेला. मुलीची दहावी झाली होती. यवतमाळची खोली सुटली.

मी तिथे आणखी तीन वर्षं होतो. त्या काळात निदान चौदा-पंधरा स्वागताची भाषणं लिहिली असतील, आणि त्यांत प्रामाणिकपणा हा शब्द बऱ्याचदा आला.

पुढे एका लग्नासाठी पुसदला गेलो होतो. शेजारच्या गावाहून परतताना काळी-पिवळीत पुढची जागा मिळाली, आणि बसल्यावर बघतो तर स्टिअरिंगवर तोच. केस पिकले होते.

"या जी सर," तो म्हणाला. "बराबर बसा, अजून एक बसन तिथं."

मुलीचं विचारलं. "अकरावीले इथंच टाकली, आर्ट्सले. विज्ञान राह्यलं. आता शिकवते, लहान पोरायले." तक्रारीचा सूर नव्हता. मागे कुणाची तरी कोंबडी ओरडत होती. मग, तीनदा मनात म्हणून झाल्यावर, मी म्हणालो, "त्या पानावर हवेचं नव्हतं. मी न वाचताच सांगितलं होतं तुम्हाला."

त्यानं गिअर बदलला.

"माहीत आहे मले."

"केव्हापासून?"

"लोहाऱ्याहून आलो, त्याच दिवशी. चाचा बोलले तं मनात आलं, पहावं. पोरीच्या इंग्रजीच्या सरले जाऊन दाखवलं. त्यायनं दोन मिनटात सांगतलं."

म्हणजे प्रमुखांच्या खोलीत दारापाशी उभा होता, तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.

"मग काहून नाही बोलले?" मी विचारलं. इतक्या वर्षांत त्याच्याशी मी पहिल्यांदाच त्याच्या बोलीत बोललो असेन.

"मी कायले बोलू? तुम्ही बसेल होते नं तिथं." तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "मी तुमच्याकडेच पाहून राह्यलो होतो. म्हटलं, सर आता बोलतीन. आता बोलतीन."

मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, इथं थांबव!" माणूस उतरला, त्याच्या जागी दोघं चढले. मग स्टँड आलं. अरुंद वळण, पुरतं वळवलेलं स्टिअरिंग, माणसाची चाल. जीप निमूट वळली.

मी उतरून बाजूला उभा राहिलो. काही म्हणायचं होतं, पण त्याच्या फायद्याचं त्यात काही नव्हतं. तो आपल्या बाजूनं खाली आला, सीटखालून ते पितळी मीटर काढलं आणि पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला. मग दुसऱ्या, मग मागच्या. चारही चाकं बघून होईपर्यंत मी पिशवी घेऊन तिथेच उभा होतो.